आधीच्या निकालांवरून घोड्याची खरी कुवत कशी ओळखावी?

नवखा_प्रेक्षक

नमस्कार. गेल्या हंगामापासून मी महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या शर्यती नियमितपणे पाहू लागलो आहे. पैसे लावण्यात मला रस नाही, पण कोणता घोडा खरोखर चांगला आहे हे शर्यतीआधी ओळखता यावे, एवढी इच्छा मात्र आहे. रेसबुकात प्रत्येक घोड्यापुढे त्याच्या मागच्या धावांचे क्रमांक छापलेले असतात. अडचण अशी, की ज्याच्यापुढे ६-५-७ असे आकडे आहेत तो घोडा ज्याच्यापुढे १-१-३ आहे त्याला कधीकधी अगदी सहज मागे टाकतो. मग या आकड्यांचा उपयोग काय आणि ते वाचायचे तरी कसे?

रेलिंगपाशी

क्रमांक हा निकालातला सर्वांत कमी माहिती देणारा भाग आहे. कितवा आला यापेक्षा कोणाविरुद्ध धावला, पाठीवर किती वजन घेऊन धावला आणि पहिल्या आलेल्या घोड्यापासून किती लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर) मागे राहिला, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. दुसऱ्या क्लासमध्ये (क्लास म्हणजे कुवतीनुसार पाडलेला गट; आकडा लहान तितका गट वरचा) सहावा आलेला घोडा चौथ्या क्लासच्या विजेत्यापेक्षा पुष्कळ वरचा असू शकतो, आणि तुम्हाला पडलेल्या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

आपल्याकडे हँडिकॅपर, म्हणजे वजने ठरवणारा अधिकारी, प्रत्येक घोड्याला रेटिंग (कुवतीचे गुण) देतो आणि रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने वजन ठरते; गुण जास्त तितके वजन जास्त. क्लासच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या असतात; तिसरा क्लास साधारणपणे ४० ते ६६ रेटिंगचा, तर चौथा २० ते ४६ चा. त्यामुळे ४४ रेटिंगचा घोडा तिसऱ्या क्लासमध्ये तळाशी, हलक्या वजनाने धावतो आणि चौथ्या क्लासमध्ये वरच्या टोकाला, जवळपास दहा किलो जास्त घेऊन. घोडा तोच, पण दोन्ही निकाल एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आता हिशेब कसा करायचा ते पाहू. १६०० मीटरवर एक लेंग्थ म्हणजे ढोबळमानाने एक किलो धरावा. कमी अंतराच्या शर्यतीत एका लेंग्थला जास्त वजन पडते आणि लांब अंतरावर कमी. समजा, ६० किलो घेऊन धावलेला ‘अ’ हा ५४ किलोवाल्या ‘ब’कडून दीड लेंग्थने हरला. निकालात ‘ब’ पहिला आहे. पण ‘अ’ने सहा किलो जास्त वाहिले आणि हार फक्त दीड किलोच्या मोलाची आहे, म्हणजे कुवतीने ‘अ’ साडेचार किलोंनी, अर्थात नऊ गुणांनी सरस ठरतो. या विजयाबद्दल हँडिकॅपरने ‘ब’चे रेटिंग पाच गुणांनी वाढवले आणि ‘अ’चे तसेच ठेवले, तर पुढच्या भेटीत वजनांतला फरक साडेतीन किलोंवर येतो आणि कागदावर ‘अ’ एका लेंग्थने जिंकतो.

घोडनवमी

वरचा हिशेब योग्य आहे, परंतु तो एका गृहीतावर उभा आहे: शर्यत प्रामाणिक वेगाने धावली गेली आणि प्रत्येक घोड्याला आपली कुवत दाखवण्याची संधी मिळाली. सुरुवातीचा वेग रेंगाळलेला असला की शेवटच्या ४०० मीटरमध्ये सगळे एकदम सुटतात, चांगल्या-वाईटातले अंतर आक्रसते आणि पुढे असलेल्याला फुकटचा फायदा मिळतो. अशा शर्यतीतल्या लेंग्थ मोजून काढलेले किलो मला तरी विश्वासार्ह वाटत नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधली १९८६ ची एप्सम डर्बी. डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा न्यूमार्केटची ‘२००० गिनीज’ ही शर्यत जिंकून तेथे फेव्हरिट म्हणून उतरला होता. जॉकी ग्रेव्हिल स्टार्की याने त्याला फार मागे ठेवले. एप्समच्या उतारावर घोड्याचा तोल नीट साधला नाही, आणि सरळ पट्ट्यात वळताना त्याच्या पुढे जवळपास सगळे घोडे होते. तेथून तो ज्या वेगाने आला तो पाहण्यासारखा होता, पण शाहरास्तानी अर्ध्या लेंग्थने जिंकला. नुसता निकाल वाचणाऱ्याने शाहरास्तानीला सरस म्हटले असते. पुढे त्याच वर्षी किंग जॉर्ज आणि पॅरिसची आर्क या दोन्ही शर्यती डान्सिंग ब्रेव्हने पॅट एडरीच्या हाताखाली जिंकल्या, आणि दोन्हींत शाहरास्तानी चौथा होता.

म्हणून शर्यतीचे चित्रीकरण पाहावे: घोडा गेटमधून उशिरा सुटला का, वळणावर बाहेरून फिरावे लागले का, वाट अडली का. अर्थात हे करताना स्वतःवर थोडा लगामही हवा, कारण आवडत्या घोड्याच्या प्रत्येक पराभवाला सबब सापडतेच.

नवखा_प्रेक्षक

दोघांचेही आभार. वजनाचा हिशेब आता समजला. मग सरळ वेळच का पाहू नये? कमी वेळात धावला तो अधिक चांगला, असे म्हणता येणार नाही का?

हडपसरकर

एकाच दिवशी, एकाच अंतरावर झालेल्या दोन शर्यतींपुरते म्हणता येईल, आणि त्या मर्यादेत वेळ फार उपयोगी आहे. चौथ्या क्लासच्या घोड्याने त्याच दुपारी तिसऱ्या क्लासपेक्षा चांगली वेळ दिली, तर त्याचे नाव टिपून ठेवावे, मात्र तेथेही दोघांच्या पाठीवरचे वजन पाहून. एरवी पुण्याचा हंगाम पावसाळ्यात येतो. धावपट्टी किती मऊ आहे ते पेनिट्रोमीटर या जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाच्या आकड्यावरून कळते, आणि तो आकडा बदलला की सगळ्याच वेळा बदलतात. फॉल्स रेल (धावपट्टीचे तात्पुरते आतले कुंपण) लावलेली असेल तर वळणावरचा मार्गही बदलतो. त्यामुळे ऑगस्टमधली पुण्याची वेळ आणि जानेवारीतली महालक्ष्मीची वेळ शेजारीशेजारी मांडणे निरर्थक आहे. मऊ जमिनीवर खुलणारे काही घोडे मुंबईच्या टणक धावपट्टीवर ओळखू येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

दुसरे असे, की मी कोणत्याही घोड्याची एकमेव सर्वोत्तम धाव प्रमाण मानत नाही. लिव्हरपूलच्या ग्रँड नॅशनलमध्ये १९६७ साली तेविसाव्या अडथळ्यापाशी घोडे एकमेकांवर आदळून शर्यतीचा विचका झाला, मागून येणारा फॉइनाव्हन त्या गोंधळातून वाट काढून निघाला आणि शंभरास एक या भावाने जिंकला. इतका टोकाचा प्रकार क्वचित घडतो, पण लहान प्रमाणात असे विजय प्रत्येक हंगामात दिसतात. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध तीच पातळी निदान दोनदा दिसली, म्हणजे मी ती त्या घोड्याची कुवत समजतो. तीन वर्षांच्या घोड्यांना मात्र हा नियम सैल करावा लागतो. ती वयाने वाढत असतात, आणि डिसेंबरच्या इंडियन गिनीजमध्ये १६०० मीटरवर मागे पडलेला घोडा फेब्रुवारीच्या इंडियन डर्बीत २४०० मीटरवर वेगळाच भासू शकतो. तेथे मागच्या निकालांइतकीच त्याच्या आई-बापाची माहिती पाहावी, कारण तो त्या अंतरावर अजून धावलेलाच नसतो.