सीएसएमटीचा रात्रीचा फोटो कसा काढायचा?

सीएसएमटीची बिल्डिंग रात्री काढली की आकाश काळंकुट्ट आणि घड्याळ पांढरंफटक येतं, साधा डीएसएलआर आहे, काय करू?

– रात्री नकोच रे, सूर्य बुडल्यावर वीसेक मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात तेव्हाच काढ. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) १००, एफ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते) ८, शटर ८-१० सेकंद उघडं ठेव, म्हणजे बसच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा मस्त येतात.

– एवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये, पण ट्रायपॉडवरून (तिपाई स्टँड) कधीकधी हटकतात, म्हणून मी कॅमेरा कठड्यावर ठेवून टायमर लावते. आणि घाई कशाला, चहा घ्यायचा, सिग्नल सुटायची वाट बघायची, खरी मजा त्यातच आहे.

– पावसाची सर थांबली की जा, ओल्या रस्त्यात अख्खी बिल्डिंग उतरते. लेन्स पुसायला फडकं ने.

– भारी! शनिवारी जातो, कोणी येतंय का?