मदत हवी आहे: इशापूरच्या रायफलला महायुद्धाचा भाव?

माझा आतेभाऊ टेक्सासला असतो. जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद त्याला नुकताच लागलाय. ऑनलाइन लिलावात ‘दुसऱ्या महायुद्धातली जंगल कार्बाइन’ (जंगलातल्या लढाईसाठीची आखूड, हलकी रायफल) म्हणून लावलेल्या एका रायफलीची बोली हजार डॉलरपुढे गेलीय. फोटो मोठा करून पाहिला, तर बोल्टच्या हँडलखाली ‘आरएफआय’ (रायफल फॅक्टरी इशापूर), ‘२ए१’ (मॉडेलचं नाव) आणि १९६६ असा ठसा, मॅगझीनही चौकोनी! म्हणजे ही आपल्या बंगालमधल्या इशापूरची, ७.६२ मिमी गोळीची, मागाहून आखूड केलेली. खरी जंगल कार्बाइन .३०३ इंची गोळीची, १९४४पासून बनलेली ब्रिटिश. तरी लोक बिनदिक्कत बोली चढवतायत, फार वाईट वाटतं. अशा कापलेल्या २ए१ प्रत्यक्षात कितीला विकल्या जातात, ते कुठे बघायचं? लिलाव परवा संपतोय, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.