स्विनबर्नविषयी गॉस आणि वाईज यांची पत्रे कितपत विश्वासार्ह?

जुनेपान:
इंग्रज कवी स्विनबर्न १९०९ मध्ये वारला. त्यानंतर त्याचा मित्र व समीक्षक एडमंड गॉस आणि ग्रंथसंग्राहक थॉमस जेम्स वाईज यांच्यात त्याच्या हस्तलिखितांविषयी बरीच वर्षे पत्रव्यवहार चालला. गॉसने १९१७ मध्ये स्विनबर्नचे चरित्र प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून त्याची पत्रे संपादित केली. वाईज हा बनावट पुस्तिका काढणारा, म्हणजे नव्याने छापलेल्या पुस्तिकेवर जुने साल टाकून ती दुर्मीळ पहिली आवृत्ती म्हणून खपवणारा होता, हे आज सर्वज्ञात आहे. तरीही स्विनबर्नच्या अभ्यासासाठी या दोघांच्या पत्रांचा आधार घेता येईल का?

कागदवेडा:
घेता येईल, पण पत्र लिहिणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ होता, हे प्रत्येक वेळी तपासूनच. स्विनबर्नची हस्तलिखिते त्याचा सांभाळ करणाऱ्या वॉट्स-डंटन यांच्याकडून वाईजने विकत घेतली आणि त्यांतील लहानसहान मजकूर मोजक्या प्रतींच्या खासगी पुस्तिकांमध्ये छापला. अशा पुस्तिकेचे मोल प्रती किती थोड्या आहेत यावर ठरते, त्यामुळे अमुक रचना महत्त्वाची आहे असे वाईज जेव्हा लिहितो, तेव्हा आपल्यासमोर रसिक बोलतो आहे की विक्रेता, हे सांगणे कठीण होते.

बनावटीचा छडा १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोघांनी लावला. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांच्या पुस्तिकेवर १८४७ हे साल छापले होते, पण तिच्या कागदात रासायनिक प्रक्रियेने काढलेला लाकडाचा लगदा निघाला, जो त्या काळी वापरात आलेलाच नव्हता. विशेष म्हणजे या पुस्तिकेच्या जन्माची रसाळ कथा गॉसनेच १८९४ मध्ये छापून वाचकांपुढे ठेवली होती. तो फसला की त्याने काणाडोळा केला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला स्वतःला तो फसला असावा असे वाटते.

सावकाश:
यात एका मौजेच्या प्रसंगाची भर घालतो. स्विनबर्नच्या नावावरील एका बनावट पुस्तिकेविषयी वाईजने खुद्द कवीलाच पत्र लिहून विचारले होते. आपण ती कधी पाहिलेली नाही, तिचे नावही ऐकलेले नाही, असे स्विनबर्नने ठामपणे कळवले. तरी ती संग्राहकांमध्ये अस्सल म्हणून फिरत राहिली. मूळ लेखकाच्या साक्षीलाच किंमत नव्हती, तिथे मित्राच्या पत्राने काय अडले असते?

जुनेपान:
आभारी आहे. मग कवीच्या खासगी आयुष्याविषयी गॉसने जे लिहिले, तेही बाजूला ठेवावे का?

कागदवेडा:
तसे करू नये. कुटुंबीयांचा आणि त्या काळच्या सभ्यतेचा संकोच म्हणून गॉसने चरित्रातून बरेच वगळले, आणि तो वगळलेला भाग एका गोपनीय टिपणात लिहून ब्रिटिश म्युझियमकडे सोपवला. ते टिपण पुढे सेसिल लँग यांनी संपादित केलेल्या स्विनबर्नच्या पत्रसंग्रहात, १९५९ ते १९६२ या काळात निघालेल्या सहा खंडांमध्ये, छापले गेले. त्यामुळे आपण लँग यांच्यापासून सुरुवात करावी आणि गॉस-वाईज यांचा १९१८ चा संग्रह तुलनेसाठी जवळ ठेवावा. एखाद्या पत्रातून काय गाळले गेले होते, हे दोन्ही पाठ शेजारी ठेवल्यावरच दिसते.