प्रतिसाद: डाग फोटोत वर, धूळ सेन्सरवर खाली

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची (प्रतिमा टिपणाऱ्या चिपवरची) धूळ काढायला ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारून हात दुखला तरी फोटोतला वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग हलत नाही, असं मूळ पोस्टमध्ये लिहिलंय. पण हवा मारताय कुठे? लेन्स प्रतिमा उलटी पाडते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा कण सेन्सरवर खालच्या बाजूला असतो. डावं-उजवं मात्र समोरून माउंटमध्ये (लेन्स काढल्यावर दिसणाऱ्या तोंडात) पाहताना तसंच राहतं. म्हणजे तुमचा कण खालच्या डाव्या कोपऱ्यात. (हा हिशेब आडव्या फोटोवरूनच करा, उभ्यावरून केलात तर सगळं फिरतं.) हवा मारताना माउंटचं तोंड जमिनीकडे ठेवा, नाहीतर उडालेली धूळ परत आतच बसते. मग एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र लहान ठेवून) निरभ्र आकाशाचा फोटो काढून तपासा, एफ/२.८ ला (छिद्र मोठं असताना) डाग इतका पसरट होतो की दिसतच नाही.

दाबलेल्या हवेच्या डब्याने धूळ उडवा, हा तिथला सल्ला मात्र अजिबात पटला नाही. त्यातून कधीकधी द्रवरूप वायूच बाहेर येतो आणि सेन्सरपुढच्या काचेवर डाग सोडतो. मग ओल्या स्वॅबशिवाय (सेन्सर पुसायच्या सपाट काडीशिवाय) गत्यंतर नाही. स्वॅब सेन्सरच्या मापाचाच घ्या, फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिमी, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) १६ मिमी.