मदत हवी आहे: सांगलीत रात्री घरी येणाऱ्या डॉक्टर-सेवेवर लक्ष कोण ठेवतं?

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागला राहते. सासूबाई ७८ वर्षांच्या, जुना मधुमेह, इन्सुलिन चालू. आमचे फॅमिली डॉक्टर गावभागातले, वीस वर्षांचा घरोबा. पण त्यांचंही वय झालंय, रात्री नऊनंतर फोन बंद असतो. म्हणून दिवाळीत एका खासगी सेवेचं पॅकेज घेतलं. वर्षाला ९,००० रुपये, शिवाय प्रत्येक व्हिजिटचे ७००.

मागच्या मंगळवारी रात्री पावणेदोनला आईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर ५४, म्हणजे शुगर खूपच उतरलेली. सेवेला फोन लावला. "डॉक्टर निघालेत" हे तीनदा ऐकलं. तोवर मुलाने साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. वीस मिनिटांनी शुगर ९१ झाली आणि त्या सावरल्या.

डॉक्टर आले साडेतीनला. बोलायला चांगले होते, पण फाइल उघडली नाही, शुगर पुन्हा तपासली नाही, इन्सुलिन किती घेतात तेही विचारलं नाही. एक इंजेक्शन दिलं, वर "रात्रीचे" म्हणून आणखी ५०० घेतले आणि गेले. चिठ्ठी नाही. सकाळी कचऱ्याच्या डब्यातून इंजेक्शनची ती फुटकी अँप्यूल (काचेची कुपी) काढून, कागदात गुंडाळून गावभागात नेली. आमच्या डॉक्टरांनी भिंगाखाली धरून वाचलं: ऑन्डॅनसेट्रॉन. उलटीवरचं औषध! आईंना उलटी झालीच नव्हती. आमच्या डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं.

पावती मागितली तर व्हॉट्सअॅपवर एकच ओळ आली, "व्हिजिट चार्ज १२००". डॉक्टरांचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्या रात्री काय झालं याची कुठे नोंदच नाही, याची जास्त भीती वाटते. हॉस्पिटल असतं तर १९४९ चा नर्सिंग होम कायदा आहे. २०२१ च्या नियमांनी त्यांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पण तो कायदा खाटा असलेल्यांसाठी. घरी बॅग घेऊन येणाऱ्यांचं काय? कुठे दाद मागायची? आणि सांगली-मिरजेत रात्री घरी येऊन नीट लिहून देणारं कुणी माहीत आहे का?

प्रतिसाद
ताई, आधी एक सांगतो. अशा वेळी पहिला फोन १०८ ला. २०१४ पासून ही सेवा आहे, मोफत आहे, गाडीत डॉक्टर असतात. माझ्या वडिलांना मध्यरात्री त्यांनीच सिव्हिलला नेलं होतं.

आता तक्रारीचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. फी उपचाराआधी सांगायची असते. कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. कंपनीला लेखी पत्र द्या, डॉक्टरांचं नाव-क्रमांक मागा, पोच जपून ठेवा. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

धागाकर्ती
दादा, खूप आभार. १०८ त्या गडबडीत डोक्यातच आलं नाही, याची खंत आहे. पत्र आजच लिहिलं, उद्या स्पीड पोस्टाने टाकते. अँप्यूल डबीत ठेवली आहे. पत्राला फोटो जोडला तर चालेल ना? मूळ वस्तू हातची सोडावीशी वाटत नाही.