पीओईवरचा ॲक्सेस पॉइंट संध्याकाळी सारखा रीस्टार्ट होतो (नेरूळ)

नेरूळकर: नमस्कार मंडळी. आमचं रो-हाउस आहे. खाली राउटर, वर छताला ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा). वीज आणि नेट एकाच लॅन केबलमधून, पीओई इंजेक्टरने. दिवसभर ठीक चालतं. संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास आणि बाबांच्या मालिका एकदम सुरू झाल्या, की पॉइंट बंद पडून परत चालू होतो. इंजेक्टर बदलून झाला. तिचं बारावीचं वर्ष आहे, मनापासून मदत हवी आहे.

घोडबंदरवाला: इंजेक्टर ८०२.३एएफ (पीओईचं एक मानक) आहे का? तो १५.४ वॅट देतो, पण पॉइंटपाशी १२.९५ वॅटच धरायचे. जास्त खाणाऱ्या पॉइंटला ८०२.३एटी, म्हणजे ३० वॅटवाला लागतो.

नेरूळकर: एटीच आहे. पण लिंकचा वेग आता १०० एमबीपीएस दाखवतो, पूर्वी गिगाबिट (१००० एमबीपीएस) होता. केबल बाहेरच्या भिंतीवरून वर गेली आहे.

घोडबंदरवाला: मग माझा संशय केबलवरच. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणजे एखादी जोडी गेलीय. आपल्याकडच्या पावसात बाहेरच्या कनेक्टरच्या पिना हमखास गंजतात. तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध जास्त, लोड वाढला की व्होल्टेज पडतं. अशी केबल पीओईला वापरूच नये, स्वस्त मिळाली तरी. आधी पॉइंट खाली आणून छोट्या केबलवर चालवा.

नेरूळकर: छोट्या केबलवर क्लास संपेपर्यंत एकदाही पडला नाही, लिंकही गिगाबिट! तार खरवडली, आत पांढरीच. शुद्ध तांब्याची आउटडोअर कॅट ६ लॅन केबल मागवतोय. खूप आभार.