मुट्टुगोलु: टाच, जप्ती की सरकारजमा?

(बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी माणसांची चर्चा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून.)

खानापूर: मामांना कोर्टाची कन्नड नोटीस आलीय. जमिनीबद्दल ‘मुट्टुगोलु’ असा शब्द आहे. गल्लीत जो तो ‘जमीन गेली’ म्हणतोय. मामी दोन दिवस जेवलेली नाही. मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

निपाणी: जप्ती. ईडीची बातमी असली की कन्नड पेपरात ‘आस्ती मुट्टुगोलु’, मराठीत ‘मालमत्ता जप्त’. एकच की.

टिळकवाडी: एकच नाही, आणि या घोळातच माणसं गप्प बसतात. मुट्टुगोलु दोन्हीसाठी वापरतात: कोर्टाने मालमत्ता अडकवून ठेवली तरी, आणि सरकारने कायमची घेतली तरी. पहिल्याला आपल्याकडे टाच म्हणतात. टाच आली की जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पण मालकी तुमचीच. दुसरं ते सरकारजमा, त्यात मालकीच जाते. सरकारी मराठीत त्याला ‘समपहरण’ म्हणतात, पण घरात कुणाला कळायचा नाही, सरकारजमाच म्हणा. जप्ती हा शब्द मात्र सैल आहे. मूळ अरबी ‘जब्त’. पोलिसांनी गाडी नेली तरी जप्ती, कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत सामान उचललं तरी जप्ती. म्हणून शब्दापेक्षा कलम बघा. कोणतं आहे?

खानापूर: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 107.

टिळकवाडी: म्हणजे अजून काही गेलेलं नाही. 1 जुलै 2024 पासूनचा फौजदारी प्रक्रियेचा कायदा. तपास अधिकारी पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीने अर्ज करतो, कोर्ट टाच का आणू नये याचं कारण 14 दिवसांत दाखवायला सांगतं. कुणी हजरच झालं नाही तर टाचेचा एकतर्फी हुकूम होऊ शकतो. मालमत्ता गुन्ह्याच्या पैशातली ठरली तर ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत 60 दिवसांत फसवल्या गेलेल्यांना वाटायची, उरेल तेच सरकारजमा. नोटीस कधी मिळाली?

खानापूर: नऊ दिवस झाले.

टिळकवाडी: मग उद्याच वकील गाठा. खरेदीखत, उतारा, पैसे कुठून आले त्याचं पासबुक, सगळं न्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. मामींना या प्रकरणात स्वतःची बाजू मांडायची असेल तर बाई म्हणून त्यांना मोफत वकील मिळतो.

येळ्ळूर: आमच्या जुन्या कागदांत ‘टाच उठवली’ असं लिहिलेलं आहे. टाच बसते आणि उठते. ‘सरकारजमा उठवली’ असं कधी ऐकलंय? मामींना एवढंच सांगा, बाळा.